मय्यतीसमोरची माफी

जुम्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाआधीचं प्रवचन, अरबीत असतो आणि तो संपत आला की आमच्या मिरजेत बहुतेक मशिदींमधून एक आयत हमखास ऐकू येते. कुरआनातल्या सूरह नहलमधली नव्वदावी. अल्लाह हुकूम देतो इन्साफचा, भलाईचा आणि नातलगांना देण्याचा; मनाई करतो निर्लज्जपणाची, वाईट कृत्याची आणि जुलमाची. ही आयत खुतब्यात आणली ती खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी, असं परंपरा सांगते. त्यांची कारकीर्द जेमतेम तीन वर्षांची, इसवी सन ७१७ ते ७२०. त्याआधी उमय्या राजवटीत मिंबरावरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, हजरत अलींना शिव्याशाप दिले जात. उमर यांनी ते बंद केलं आणि त्या जागी ही आयत आली. म्हणजे सरकारी द्वेषभाषणाची जागा या आयतीनं घेतली, हे आजच्या दिवसांत मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. आमच्याकडे बायकांना बहुतेक मशिदींत जागा नाही, पण कर्णा आहे, त्यामुळे आयत स्वयंपाकघरापर्यंत पोचते.

आयतीतला क्रम बघा. आधी इन्साफ, मग भलाई. आपण पहिला शब्द सोडून थेट दुसऱ्यावर येतो. आणि ती भलाई करायची कुणी? तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं. देणेकऱ्याला कुणी काही विचारत नाही. घेणेकऱ्याला मात्र मन मोठं करायला सांगितलं जातं. मुस्लिम घरांत हे दीनच्या, म्हणजे धर्माच्या, नावानं चालतं, गावात सलोख्याच्या नावानं आणि सरकारदरबारी नशिबाच्या नावानं. इस्लाममध्ये रहमतीचं माहात्म्य फार मोठं आहे, यात वाद नाही. ‘तुमच्या रबनं स्वतःवर रहमत लिहून घेतली आहे’ असं कुरआन सांगतं. पण ती रहमत दुसऱ्याच्या हक्कावर हात ठेवून करता येत नाही, हेही तोच धर्म तितक्याच ठासून सांगतो, आणि ही दुसरी बाजू वाजात, म्हणजे धार्मिक व्याख्यानात, जेमतेम ऐकू येते.

मी वकिली करते. सांगली-मिरजेतल्या आणि थोड्याफार कऱ्हाडकडच्या घरांची भांडणं माझ्याकडे कागदांच्या रूपानं येतात. त्यातली कित्येक भांडणं जनाजाच्या दिवशी सुरू झालेली असतात.

घरातला कर्ता माणूस गेलेला असतो. गुस्ल (मय्यतीची आंघोळ) झालेलं, कफन बांधलेलं, कापराचा आणि अत्तराचा वास भरलेला. पुरुष अंगणात, बायका आतल्या खोलीत. बायको भिंतीला टेकलेली, डोक्यावरची ओढणी कुणीतरी दुसरीनंच सावरलेली. मग नात्यातली एखादी वयस्कर बाई तिच्या कानाशी वाकते. "बेटी, मेहर माफ किये बोल. मय्यत पे बोज नक्को." मेहर म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम. बेटीला ऐकू गेलं की नाही तेही कळत नाही. रडता रडता मान हलते. ती मान ‘हो’ म्हणून हलली की हुंदक्यानं, हे कोण ठरवणार? बाई उठते, दाराशी येते, बाहेर निरोप जातो, "माफ किये." आणि लोक खांदा द्यायला पुढे होतात.

आता त्याच दिवशी, त्याच मय्यतीच्या बाबतीत बाहेर काय होतं ते पाहा. जनाजाच्या नमाजाआधी मुलगा किंवा भाऊ नमाजाच्या रांगांपुढे उभा राहून जाहीर करतो: मरहूमांकडे कुणाचं काही देणं निघत असेल तर माफ करावं, नाहीतर आम्हाला येऊन भेटावं, आम्ही देऊ. किराणावाला ऐकतो, सिमेंटवाला ऐकतो, भिशीवाला ऐकतो. चाळिसावं व्हायच्या आत ते येतात, वही दाखवतात, पैसे घेऊन जातात. कुणी त्यांना नावं ठेवत नाही. सिमेंटवाल्याला ‘नाहीतर’ मिळतं. बायकोला मिळत नाही. तिचं देणं सगळ्यांत जुनं, लेखी, दोन साक्षीदारांसमोर कबूल केलेलं, आणि तरी एकटीलाच सांगितलं जातं की सोड.

हे शरियतमध्ये कुठून आलं, असं मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी ‘रिवाज आहे’ एवढंच सांगितलं. शरियत तर उलटंच सांगते. पैगंबरांसमोर एक जनाजा आणला गेला. त्यांनी विचारलं, याच्यावर कर्ज आहे का? आहे, म्हणाले. कर्ज फेडण्याइतकं मागे काही ठेवलं नव्हतं. मग तुम्हीच तुमच्या साथीदाराची नमाज पढा, असं म्हणून ते थांबले. तेव्हा अबू कतादा पुढे आले, याचं कर्ज माझ्यावर, म्हणाले. मग पैगंबरांनी नमाज पढवली. पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीला हदीस म्हणतात; ‘सहीह बुखारी’ या संग्रहात ही हदीस आहे. जनाजासमोर देण्याचा विषय निघाला होता, म्हणजे विषय काढणं गैर नाही. पण सुटका झाली ती कुणीतरी देणं अंगावर घेतल्यानं. घेणेकऱ्याच्या कानाशी कुणी वाकलं नव्हतं. आणि ‘सहीह मुस्लिम’ या दुसऱ्या संग्रहात तर शहीदाचेही सगळे गुन्हे माफ होतात, कर्ज सोडून, असं आलं आहे. अल्लाहच्या वाटेवर जीव दिलेल्याला जी सूट नाही ती आमच्याकडे ट्रकच्या धंद्यात गेलेल्या माणसाला पाच मिनिटांत मिळते.

मेहर हे कर्जच आहे. सूरह निसात वारसांचे हिस्से सांगताना पुन्हा पुन्हा येतं, की हे सगळं वसियत (मृत्युपत्र) पुरी केल्यावर आणि कर्ज फेडल्यानंतर. म्हणजे आधी बायकोची मेहर, मग वाटण्या. बायकोनं राजीखुशीनं काही सोडलं तर घ्या, असंही चौथ्या आयतीत आहे, आणि माफीवाले तेवढंच वाक्य पाठ ठेवतात. त्यातल्या ‘राजीखुशीनं’कडे त्यांचं लक्ष जात नाही. नवरा समोर निजलेला असताना कसली राजीखुशी? ब्रिटिश काळातल्या कोर्टाला हे कळलं होतं. नवऱ्याच्या मृत्यूच्या धक्क्यात असलेल्या विधवेनं सोडलेली मेहर ही मोकळ्या मनाची संमती धरता येत नाही, असं कलकत्ता हायकोर्टानं १९२० साली म्हटलं. मेहर मिळेपर्यंत, रीतीनं ताब्यात असलेली नवऱ्याची मिळकत विधवा ताब्यात ठेवू शकते, हे प्रिव्ही कौन्सिलनंही मानलं. आमच्या मोहल्ल्यात यातलं काही पोचलेलं नाही.

कुणी म्हणेल, निकाहनाम्यावर मेहर असते अकराशे रुपये, एवढ्यासाठी कशाला हा खटाटोप. एवढीच असेल तर ती लग्नाच्या दिवशीच का दिली नाही? आणि सगळीकडे अकराशे नसते. तोळ्यांत लिहिलेली, पुढे ‘उधार’ असा शेरा मारलेली मेहरही मी पाहिलेली आहे.

आता सब्रकडे, म्हणजे धीर धरण्याकडे, येऊ, कारण माफीच्या आधी सब्र सांगितला जातो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि सुटकेसाठी निघालेली माणसंच बुडाली. पाणी ओसरल्यावर सांगलीत जो चिखल होता, त्याचा वास ज्यांनी घेतला त्यांना वेगळं सांगायला नको. गाद्या, धान्य, शिवणयंत्रं, मुलांची दप्तरं, सगळं रस्त्यावर. आणि घरोघरी येणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य: आजमाइश आहे, सब्र करा. शब्द खोटे नाहीत. भीतीनं, भुकेनं, संपत्तीच्या, जिवांच्या आणि पिकांच्या नुकसानीनं आम्ही तुम्हाला पारखू, असं सूरह बकरात सरळ आहे. ज्या बाईचं घर गेलं तिनं रात्री जानमाजवर बसून हे स्वतःशी म्हटलं तर तिच्या पाठीचा कणा ताठ होतो, हेही खरं. पण तेच वाक्य दुसऱ्याच्या चिखलात उभं राहून, स्वतःच्या कोरड्या चपलांनी म्हटलं की त्याचा अर्थ बदलतो. मग त्याचा अर्थ होतो: प्रश्न विचारू नका. पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, ओढे-नाले कुणी बुजवले, धरणांतून पाणी कधी आणि किती सोडलं, हे विचारू नका.

सब्र म्हणजे गप्प बसणं, हे कुरआनातल्या सब्रवाल्यांच्या गोष्टी वाचल्यावर टिकत नाही. याकूब नबी ‘सुंदर सब्र’ म्हणाले, ते मुलांनी यूसुफचा रक्त लावलेला सदरा आणून दाखवला तेव्हा. ही तुमची बनवाबनवी आहे, हेही त्यांनी त्याच दमात तोंडावर सांगितलं. पुढे यूसुफसाठी रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. लोक म्हणाले, किती दिवस आठवण काढणार? ते म्हणाले, मी माझ्या दुःखाची तक्रार अल्लाहकडे करतो आहे. आरोप, रडणं, तक्रार, तिन्ही केलं आणि तरी त्यांचा सब्र सुंदरच राहिला. सूरह निसात तर आणखी स्पष्ट आहे: वाईट गोष्ट उघडपणे बोललेली अल्लाहला आवडत नाही, ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी. जुलूम झालेल्याला ओरडायची मुभा खुद्द कुरआननं दिली आहे. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी ती काढून घेण्याचं कारण नाही.

तकदीरचंही तसंच. हिजरी सन १८मध्ये, म्हणजे इसवी सन ६३९च्या सुमारास, शाममध्ये, म्हणजे सीरियाच्या भागात, अमवासची साथ आली. खलिफा हजरत उमर तिकडे निघाले होते, सर्ग या ठिकाणी बातमी कळली आणि ते परत फिरले. अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर म्हणाले, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे. साथ आहे तिथे जाऊ नका आणि साथीतून बाहेर पडू नका, ही पैगंबरांची शिकवण त्याच प्रसंगी अब्दुर्रहमान बिन औफ यांनी सांगितली. २०२०मध्ये ईदची नमाज घरात पढताना आमच्या उलेमांनी याच हदीसचा दाखला दिला होता. साथीला जे लागू पडलं ते पुराला का पडू नये? उतारावर घर बांधायला लावणारी गरिबी ही तकदीर, तशी गावठाण उंचावर हलवणारा ठरावही तकदीरच. कुठल्या तकदीरकडे जायचं ते ठरवायला उमर यांनी कुणाच्या स्वप्नाची वाट पाहिली नाही, सल्लामसलत केली.

शिवाय आमच्या जिल्ह्यात दुःखाची वाटणीही बघण्यासारखी आहे. पश्चिमेला वाळवा, पलूस, मिरज पाण्यात. पूर्वेला जत, आटपाडी टँकरवर. २०१६च्या एप्रिलात मिरज जंक्शनातून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी गेलं, देशभर कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. त्याच उन्हाळ्यात जत तालुक्यातल्या बायका हंडे घेऊन टँकरच्या मागे होत्या. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी जतच्या शेवटच्या गावापर्यंत जायला पिढ्या गेल्या. रेल्वेनं पाणी पाठवणं ही भलाई. कालव्यानं पाणी पोचवणं हा इन्साफ. पहिल्याचे फोटो निघतात, दुसऱ्यासाठी मोर्चे काढावे लागतात. पाणी, चारा आणि आग यांत सगळ्यांची भागीदारी आहे, असं अबू दाऊदमधल्या हदीसमध्ये आहे. पावसासाठी ईदगाहवर इस्तिस्काची नमाज पढायला जमतो तेव्हा आधी तौबा करावी, लोकांचे दाबलेले हक्क परत करावेत, असं फिकहची, म्हणजे धर्मकायद्याची, पुस्तकं सांगतात. नमाजाला गर्दी होते. हक्क परत करणाऱ्यांची होत नाही.

‘पण निष्पापांना दुःख का’ हा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. तो हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात तावातावानं भांडला गेला आहे. मुअतजिली हा तिथला एक पंथ; ते स्वतःला ‘अद्लवाले’, म्हणजे न्यायवाले, म्हणवायचे. अल्लाह अन्याय करूच शकत नाही आणि बरंवाईट अक्कलेनं कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातल्याच जुब्बाईंना त्यांचे शिष्य अशअरी यांनी तीन भावांचं कोडं घातलं, अशी कथा आहे. एक नेक म्हणून जन्नतीत, एक बद म्हणून जहन्नममध्ये, एक लहानपणीच मेला. लहानगा म्हणाला, मला मोठं होऊ दिलं असतंस तर मीही नेक झालो असतो. अल्लाह म्हणेल, तू मोठा होऊन बिघडला असतास, म्हणून लवकर नेलं. मग जहन्नममधला ओरडेल, मलाही लहानपणीच का नेलं नाहीस? जुब्बाईंकडे उत्तर नव्हतं. अशअरींनी वाट बदलली. माझं मत विचाराल तर उत्तर अशअरींकडेही नव्हतं, त्यांनी फक्त प्रश्न विचारणं थांबवलं. पण यात माझ्या कामाची एक गोष्ट आहे: वाद अल्लाहच्या इन्साफबद्दल होता. माणसानं इन्साफ करावा का, याबद्दल दोन्ही बाजूंना तिळमात्र शंका नव्हती. आपण अल्लाहच्या बाजूचं गूढ पुढे करून माणसाच्या बाजूचा हिशेब झाकतो.

दंगलीनंतरच्या शांतता समितीच्या बैठकींबद्दल मला हेच वाटतं. २००९च्या सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवातल्या कमानीच्या चित्रावरून मिरज पेटली. १० सप्टेंबर २०२३च्या रात्री साताऱ्याकडे खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या पोस्टचं निमित्त होऊन जमावानं मशिदीवर हल्ला केला, एक तरुण जिवानिशी गेला. अशा प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांत पोलीस ठाण्यात बैठक बसते. दोन्हीकडचे ठरलेले चेहरे, चहा, ‘आपल्या गावची परंपरा’ आणि शेवटी झालं गेलं विसरून जाऊ. मी या बैठकींची टिंगल करत नाही. त्या रात्री पुढचं घर जळू नये यासाठी त्यांचा उपयोग होतो. पण ज्याचं दुकान जळालं तो त्या बैठकीत नसतो. त्याच्या वतीनं माफी देणारा दुसराच असतो, आणि माफी मागणारा तर कुणीच नसतो. मग खटला उभा राहतो तेव्हा साक्षीदार फितूर होतात, कारण गावात राहायचं आहे.

दोन गट भांडले तर त्यांच्यात सुलह (समेट) करा, असं सूरह हुजुरातमध्ये सांगितलं आहे. पुढे लगेच येतं, की एकानं दुसऱ्यावर ज्यादती केली तर ज्यादती करणाऱ्याला आधी रोखा, आणि तो वळला की इन्साफनं सुलह करा. आयत मोमिनांच्या, म्हणजे श्रद्धावंत मुसलमानांच्या, दोन गटांबद्दल आहे, हे मला माहीत आहे. पण सुलहची रीत म्हणून ती कुठल्याही गावाला चालण्यासारखी आहे.

हा नियम आमच्यावरही उलटतो आणि तो उलटू द्यायला हवा. एखाद्या कौमचं वैर तुम्हाला बेइन्साफीकडे नेऊ नये, असं सूरह माइदात आहे, आणि साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध का असेना, असं निसात. मोहल्ल्यातल्या पोरानं दुसऱ्यांच्या दैवताची टिंगल करणारं स्टेटस ठेवलं की ‘पोरगं आहे, माफ करा’ म्हणत सगळे पुढे होतात. तेव्हा त्याला धरून चूक कबूल करायला लावणं हा भावाला मदत करण्याचाच प्रकार आहे. पैगंबर म्हणाले होते, भावाला मदत करा, तो जालिम (जुलूम करणारा) असो की मजलूम (जुलूम सोसणारा). जालिमाला मदत कशी करायची, असं विचारल्यावर ते म्हणाले, त्याचा हात धरा.

जगाकडे पाहतानाही आमची साक्ष अर्धीच असते. गाझासाठी जुम्याला दुआ होते, लोक रडतात, आणि ते रडणं खरं आहे; हजारो मुलं मेली, २६ जानेवारी २०२४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं इस्रायलला नरसंहाराची कृत्यं रोखण्याचे अंतरिम आदेश दिले. पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासनं केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली, याचा उल्लेख मी आमच्याकडच्या एकाही वाजात ऐकला नाही. सुदानमध्ये एप्रिल २०२३पासून दोन मुस्लिम सेनापती एकमेकांवर फौजा घालताहेत आणि कोटीहून जास्त माणसं बेघर झाली. त्यांच्यासाठी दुआ ऐकलेली आठवत नाही. येमेनवर २०१५पासून बॉम्ब टाकणारी आघाडी सौदीची होती, म्हणून तिथली भूक आमच्या मिंबरापर्यंत आली नाही. जुलूम करणारा आपला निघाला की आमची जीभ जड होते.

२२ एप्रिल २०२५ला पहलगाममध्ये धर्म विचारून गोळ्या घातल्या, २६ जण गेले. त्यात आपल्या महाराष्ट्रातली माणसं होती, तिथला एक मुस्लिम घोडेवालाही होता. तेव्हा मात्र आमच्याकडे निषेध झाला, मशिदींतून झाला, काळ्या फिती लावून झाला. काहींना वाटलं की हा निषेध आमच्याकडून वसूल केला जातो आहे, आणि तसं वसूल करणारे होतेही. पण एका जिवाची नाहक हत्या म्हणजे सगळ्या माणसांची हत्या, ही आयत भिंतीवर लावायची तर कुणी मागितल्याशिवायही ती बोलावी लागेल.

मग माफीला जागाच नाही का? आहे, आणि फार मोठी आहे. फक्त ती ज्याची त्याच्या हातात आहे. कुरआनचा किसासचा, म्हणजे खुनाच्या बदल्याचा, कायदा वाचताना लोक बदल्यापाशी थांबतात. त्याच आयतीत वारसानं माफ केलं तर ते चांगलं, असं आहे. एका येमेनी माणसाच्या खुनासाठी केरळच्या नर्सला ठरलेल्या फाशीचा येमेनमधला प्रश्न २०२५च्या जुलैमध्ये आपल्याकडे घराघरात गेला. १६ जुलैची फाशी पुढे ढकलली गेली, केरळचे बुजुर्ग मुफ्ती मध्ये पडले, देशभर दयेच्या प्रार्थना झाल्या. आणि मृताच्या भावानं सांगितलं, आम्हाला माफ करायचं नाही. आपल्याकडे त्याला निर्दयी म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यानं माफ करावं असं मलाही वाटलं, फाशीची शिक्षाच मला मान्य नाही. पण त्याच्या ‘नाही’ला किंमत नसेल तर त्याच्या ‘हो’लाही उरत नाही.

याच व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहायला हवी. पाकिस्तानात समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोचचा २०१६मध्ये भावानं खून केला. घरच्यांनी माफ केलं की खुनी सुटतो, ही पळवाट बुजवायला त्याच वर्षी कायदा बदलला. २०१९मध्ये भावाला जन्मठेप झाली, आणि २०२२मध्ये घरच्यांच्या माफीनंतर तो सुटला. जिचा जीव गेला ती माफ करायला नव्हतीच. तिच्या वतीनं बोलणारे आईबाप खुन्याचेही आईबाप होते. माफीचा हक्क वारसांकडे देताना जुन्या फकिहांनी (धर्मकायदेपंडितांनी) ज्या कुटुंबाची कल्पना केली होती, त्यात खुनी घरातलाच निघेल हे पुरेसं धरलेलं नाही, असं मला वाटतं. म्हणून अशा ठिकाणी सरकारनं वादी होणं, जसं आपल्या कायद्यात होतं, ते मला इस्लामच्या इन्साफशी जास्त जुळणारं वाटतं.

खरी माफी कशी असते ते आमच्या जिल्ह्याला दर मोहरमला आठवायला हवं. कडेगावात गगनचुंबी ताबूत निघतात, हिंदू-मुस्लिम मिळून उचलतात, त्यांच्या भेटी पाहायला लांबून लोक येतात. ज्या करबलाच्या आठवणीत हे होतं, ती हिजरी ६१ची, इसवी सन ६८०ची. त्यात हुर्र नावाचा सरदार आहे. इमाम हुसैन यांचा रस्ता त्यानंच अडवला होता. दहाव्या मोहरमच्या सकाळी तो यजीदची फौज सोडून एकटा घोड्यावरून अलीकडे आला, तुमचा रस्ता अडवणारा मीच, म्हणाला आणि विचारलं, माझी तौबा कबूल होईल? हुसैननी माफ केलं, आणि हुर्र त्याच दिवशी त्यांच्या बाजूनं लढताना मारला गेला. त्यानं आधी बाजू सोडली, गुन्हा तोंडानं कबूल केला, किंमत मोजायला तयार झाला. आणि माफ करणारे स्वतः हुसैन होते, तहानलेल्या मुलांसह उभे असलेले. फुरात नदीवर पहारा देणाऱ्यांतल्या कुणी उठून ‘आता मोठ्या मनानं घ्या’ असं त्यांना सुचवलं नव्हतं.

घरात हे कसं उतरवायचं? मेहरपासून सुरुवात करता येईल, कारण तिथे कुठल्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही. निकाहच्या दिवशी मेहर रोख द्यावी, किंवा बायकोच्या खात्यात टाकावी, आणि पावती निकाहनाम्याला लावावी, असा ठराव कुठलीही जमात पुढच्या जुम्याला करू शकते. राहिलेली मेहर जनाजाच्या वेळच्या त्याच घोषणेत, त्याच आवाजात मुलानं जाहीर करावी.

जमिनीचं जास्त अवघड आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बाकावर बहिणी बसलेल्या असतात, हिंदूंच्या तशा आमच्याही, हक्कसोड पत्रावर सही करायला. सही होईपर्यंत भाऊ चहा पाजतो. मुसलमान बहिणीला सूरह निसानं भावाच्या निम्मा हिस्सा दिला, तोही पूर्ण सुटतो, आणि कागदावर लिहिलेलं असतं ‘स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय’. निम्माच का, हा वाद वेगळा आहे आणि तो मी घालते. पण ज्यांना निम्मा हा अल्लाहचा हुकूम वाटतो ते तरी तो कुठे देतात? १९३७च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, हे आमच्याकडच्या जमीनदारांना बरोबर माहीत असतं. त्या एका ठिकाणी त्यांना शरियतची फिकीर नसते.

यावर भावांचं एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खोटं नाही: दीड एकर ऊस, पाटबंधाऱ्याची पट्टी, सोसायटीचं कर्ज, त्यात तीन बहिणी, वाटणी केली तर कुणाच्याच हाती काही उरत नाही. मग वाटणी करू नका. जमिनीची किंमत काढा, बहिणीचा हिस्सा रुपयांत लिहा आणि ऊसबिल येईल तसा द्या. देणेकरी अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या, सोडलंत तर अधिकच चांगलं, असं सूरह बकराच्या २८०व्या आयतीत आहे. मुदत मागायला हरकत नाही, बहिणी देतातही. पण मुदत मागायची तर आधी कागदावर रक्कम लागते, आणि ती लिहायला भाऊ तयार आहे का, एवढं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक भावाला हक्कसोडचा मसुदा करण्याआधी विचारते. बहुतेक जण दुसरा वकील बघतात.